दिवाळीच्या सुट्टीतलं नाट्यगृह: बाहुल्या, गजी ढोल आणि गोंधळ (प्रकल्प नोंदी)

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

नगरपरिषदेकडून नाट्यगृहाच्या तारखा पक्क्या झाल्या. २४, २५ आणि २६ ऑक्टोबर. भाऊबीज २३ ला आहे. म्हणजे माहेरवाशिणी, पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं, त्यांची पोरंबाळं, सगळी त्या तीन दिवसांत गावातच असणार. सोमवारपासून परतीच्या एसट्या भरायला लागतात, त्यामुळे रविवारच्या पुढे काही ठेवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी समितीची बैठक झाली. शुक्रवारी पुण्याच्या संस्थेचं बालनाट्य आणि शनिवारी पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या, यावर लगेच एकमत झालं. रविवारच्या लोकसंगीतावर मात्र चर्चा रंगली. बऱ्याच जणांच्या मनात एकच चित्र होतं: आठ-दहा कलाप्रकार, प्रत्येकाला सहा मिनिटं, मध्ये निवेदन आणि शेवटी सगळे एकत्र मंचावर. शाहीर साबळे यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’ उभी केली तेव्हा या रचनेला मोठं कारण होतं. ज्यांनी वासुदेव, वाघ्या-मुरळी, पोतराज कधी जवळून पाहिले नव्हते त्यांच्यापर्यंत ते सगळं एका संध्याकाळी पोहोचवायचं होतं. सांगली जिल्ह्यात मात्र परिस्थिती वेगळी आहे. पट्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष इथलं, अण्णा भाऊ साठ्यांचं वाटेगाव इथलं, काळू-बाळूंचं कवलापूर इथलं. इथल्या आजी-आजोबांनी घरच्या लग्नात रात्रभर गोंधळ ऐकलेला आहे. त्यांना सहा मिनिटांचा नमुना दाखवला तर ते चुळबुळत बसतील, आणि नातवंडांना त्या सहा मिनिटांत काय चाललंय हे कळायच्या आत पुढचा प्रकार सुरू होईल.

मी म्हटलं, तीनच प्रकार घेऊ आणि प्रत्येकाला त्याच्या अंगाचा वेळ देऊ. गोंधळ, धनगरी ओवी-ढोल आणि शाहिरी. ठरलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

घटस्थापना सोमवारी आहे. त्यानंतर गोंधळी मंडळी हाताला लागत नाहीत, म्हणून आजच नानांच्या वाडीला जाऊन आलो. नाना म्हणजे फडाचे नाईक. मुलगा संबळ वाजवतो, पुतण्या तुणतुण्यावर आणि विनोदाचं काम करणारे एक वयस्कर साथीदार, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात.

तारखेचं ऐकून नाना खूश झाले. नवरात्र संपलं की तुळशीच्या लग्नापर्यंत त्यांना काम नसतं. लग्नतिथी सुरू झाल्या की पुन्हा रोज एका गावाला. म्हणजे पोरांच्या शाळेला सुट्टी आणि गोंधळ्यांना रिकामपण नेमकं एकाच वेळी येतं. दरवर्षी हे असंच असतं, आणि नाट्यगृहानं याचा उपयोग करून घेतल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मग मुद्द्याची बोलणी. नानांनी दोन गोष्टी आधीच सांगितल्या.

“ताई, घट मांडला की आरती झाल्याबिगर उठता येत न्हाई. मधीच पडदा टाकायचा असंल तर घटच मांडू नका म्हणा, नुसती गाणी म्हणतो. पर मग त्याला गोंधळ म्हणू नका.”

आणि दुसरी:

“रातभराचं आख्यान पाऊण तासात बसवायचं ते माझ्याकडं लागलं. पर मधी घंटा वाजवायची न्हाई.”

दोन्ही मला पटल्या. गोंधळाला स्वतःचा बांधा आहे. आधी गण, मग आवाहन, म्हणजे तुळजापूरच्या भवानीपासून गावच्या ग्रामदैवतापर्यंत सगळ्यांना नाव घेऊन गोंधळाला बोलावणं, मग उत्तररंगात आख्यान आणि शेवटी आरती. आवाहन कापलं तर आख्यान अधांतरी राहतं. मी सव्वा तास कबूल केला. आख्यान हरिश्चंद्राचं. जांभूळआख्यान त्यांचं फार गाजलेलं आहे, पण द्रौपदीच्या मनातला तो गुंता मोठ्यांनी सावकाश ऐकण्याचा आहे, सुट्टीतल्या प्रयोगाला हरिश्चंद्र बरा.

आरतीच्या ताटावरूनही बोलणं झालं. समितीत एकाचं म्हणणं होतं की तिकीट लावलेल्या कार्यक्रमात ताट फिरवणं कलावंताला कमीपणा आणणारं आहे. नानांना ते अजिबात पटलं नाही. “ती भीक न्हाई. तो देवीचा मान हाय, तिच्या ताटात पडतो.” ताट राहणार. ते खुर्च्यांमधून फिरणार नाही, मंचाच्या कडेला ठेवलं जाईल, ज्याला वाटेल तो पुढे येईल.

४ ऑक्टोबर, शनिवार

दिवटीचा प्रश्न.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली पूर्ण करवून घेतलेली वास्तू, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री आगीत गेली. आमच्या भागातल्या कलावंतांना ती बातमी घरातलं माणूस गेल्यासारखी लागली. तेव्हापासून कुठल्याही नाट्यगृहाच्या व्यवस्थापकासमोर “मंचावर पेटती दिवटी” असं म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. विंगा कापडी, मागचा पडदा कापडी, मंच लाकडी. दिवटी म्हणजे तेलात भिजवलेल्या चिंध्यांचा पोत, वर बुधल्यातून तेलाची धार. ठिणगी उडतेच.

पर्याय सुचवले गेले: विजेवरची दिवटी, बॅटरीची ज्योत, नारिंगी कागद लावलेला दिवा. नानांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “खोटी दिवटी हातात धरून देवीला हाक कशी मारू?”

दुपारी आम्ही नाट्यगृहाचं आवार फिरून बघितलं. दर्शनी पायऱ्यांसमोर फरसबंदी अंगण आहे, दोन्ही बाजूंना कट्टा. एरवी तिथे दुचाक्या लावतात. गोंधळाची सुरुवात इथेच करायची असं ठरलं. दिवटी अंगणात पेटेल, गण आणि आवाहन अंगणात होईल, लोक भोवती उभे राहतील. मग दिवटी तिथेच शांत करून मंडळी घट घेऊन आत जातील, मागोमाग प्रेक्षक. मंचावर फक्त समई, तीही वाळू भरलेल्या परातीत, पडद्यापासून लांब. एक स्वयंसेवक अग्निशामक नळकांडं घेऊन पूर्ण वेळ विंगेत. अग्निशमन विभागाला तसा अर्ज दिला.

नाना म्हणाले, “मग तर लई बेस. गोंधळ अंगणातलाच असतो की.”

८ ऑक्टोबर, बुधवार

भित्तिपत्रकाचा मसुदा आला. त्यात बालनाट्यातल्या नटांची नावं होती आणि रविवारच्या चौकटीत नुसतं ‘पारंपरिक लोकसंगीत’. परत पाठवला. संबळ कोण वाजवतं, तुणतुणं कोण, मागून सूर धरणारे झीलकरी कोण, ढोलाचा म्होरक्या कोण, सगळी नावं त्याच आकाराच्या अक्षरात हवीत. मानधनही त्याच नियमानं: आधी ठरलेला आकडा, प्रयोगाच्या दिवशीच हातात, शिवाय जाण्या-येण्याचा खर्च आणि जेवण.

तिकीट मोठ्यांना १०० रुपये, मुलांना ३०. नाट्यप्रयोग, नृत्य आणि लोककलेच्या प्रयोगांना ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे हिशेब सरळ आहे. बालनाट्याच्या संस्थेकडून रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत मागवली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

पट्टणकोडोलीची यात्रा उरकून ढोलवाले परतले. आज आटपाडीकडच्या मंडळींना नाट्यगृहात बोलावून ढोलाचा अंदाज घेतला.

धनगरांचा गजी ढोल बंद सभागृहात वाजला आणि दुसऱ्या मिनिटाला आमच्यातल्या एकीच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं. आवाज छताला लागून परत येत होता, ओवीचे शब्द त्यात बुडून गेले. म्होरके आबा स्वतःच थांबले. “ह्यो माळावरचा ढोल हाय, ताई. आरेवाडीला बिरोबाच्या बनात वाजतो. ह्याला भिती सोसत न्हाईत.”

बाहेर अंगणात घेतला. फरक जमीन-अस्मानाचा. तोच ढोल आता अंगाला भिडतो पण कानाला टोचत नाही. गजाचे गडी, म्हणजे ढोलावर नाचणारे, रिंगणात फिरायला लागले तेव्हा हातातल्या रुमालांचा झपकाराही ऐकू येत होता.

तेव्हा रविवारचा आराखडा बदलला. गजी ढोलही अंगणात, तोच आरंभ. ढोल ऐकून पेठेतली माणसं गोळा होतील. मग दिवटी, मग आत. ओवी मात्र आत, ढोलाशिवाय, दोन ओवीकार आणि प्रेक्षक यांच्यात काहीही नको.

वेळही त्याप्रमाणे लावली: अंगणातलं साडेपाच ते साडेसहा, आतलं पावणेसात ते नऊ. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, बंद सभागृहाला ती अट लागू नाही. आपण अंगणात ध्वनिवर्धक वापरणारच नाही आहोत, तरीही शेजारच्या घरांचा विचार करून बाहेरचं आधी आटोपलेलं चांगलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

फराळाच्या गडबडीतही सगळे आले याचं कौतुक वाटलं. ध्वनीची तालीम.

ध्वनिव्यवस्थेच्या मंडळींनी प्रत्येक वाद्याला माईक लावण्याची तयारी ठेवली होती. पाचशे खुर्च्यांच्या सभागृहात संबळाला माईकची गरज नाही. संबळाच्या जोडीत एक अंग टणत्कारी आणि एक घुमारं, आणि वळलेल्या टोकाची काडी पडली की तो कडकडाट शेवटच्या रांगेपर्यंत आपसूक जातो. माईक लावला की घुमारा फुगतो आणि कडकडाट मरतो. उलट तुणतुण्याला माईक हवाच. एकच तार, एकच स्वर, लोकांचं तिकडे लक्षही नसतं, पण नाईकाचं गाणं त्या स्वराला धरून उभं असतं. तो स्वर सभागृहात हरवला की गाणाऱ्याला आधार राहत नाही आणि मग तो ओरडायला लागतो. तुणतुण्याला एक माईक आणि नानांच्या समोर एक. बस्स.

धुराचं यंत्र आणि फिरते रंगीत दिवे आणले होते, ते परत पाठवले. पिवळसर स्थिर उजेड, माणसांचे चेहरे दिसतील असा.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

बालनाट्याचे दोन्ही खेळ पार पडले. गर्दी उत्तम. नेपथ्याचा टेम्पो मागच्या दारातून आत येईना म्हणून सगळं हातानं उचलून आणावं लागलं, पण खेळ वेळेवर सुरू झाला. मुलं हसली, घाबरली, नाचली. १९५९ मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटर सुरू केलं तेव्हापासून मुलांच्या नाटकाला मराठीत स्वतःचं घर आहे, आणि सुट्टीत अजून मुलं त्या घरी येतात.

२५ ऑक्टोबर, शनिवार

कळसूत्री बाहुल्या. पिंगुळीची ठाकर मंडळी काल रात्रीच घाट चढून मुक्कामाला आली. कुडाळजवळच्या या एका गावात कळसूत्री, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला टिकल्या. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेकांना गावाचं नाव पहिल्यांदा कळलं.

बाहुली हातभर उंचीची. पंधराव्या रांगेच्या मागून ती दिसते, पण तिची मान वळलेली दिसत नाही, आणि सगळी गंमत त्या मानेत आहे. म्हणून सभागृह भरवण्याचा मोह टाळून पुढच्या निम्म्याच खुर्च्या विकल्या आणि एकाऐवजी दोन खेळ लावले. मंचासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या, तिथे फक्त मुलं.

चित्रकथीसाठी एक सूचना आली होती की कॅमेऱ्यानं चित्र मोठ्या पडद्यावर दाखवावं. मी विरोध केला. ते चित्र कागदावरचं आहे, कथेकरी एकेक पान उचलून समोर धरतो, बोटानं मारीचाच्या सोन्याच्या अंगावर हात फिरवतो आणि गातो. पडद्यावर गेलं की मुलं पडद्याकडे बघतात, माणसाकडे नाही. आम्ही चित्रकथी प्रवेशदालनात ठेवली, वीस-पंचवीस जणांच्या गटाला जमिनीवर बसवून. दोन खेळांच्या मधल्या वेळात गटामागून गट बसत गेले. एका मुलीनं पान उलटायच्या आधी कथेकऱ्यांना विचारलं, “आजोबा, मागच्या बाजूला काय आहे?” त्यांनी पान फिरवून दाखवलं. मागे दुसरं चित्र होतं. तेव्हापासून प्रत्येक पानाला सगळा गट मान वाकडी करून मागे डोकावत होता.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून आभाळ आलेलं. दुपारी एक सर येऊन गेली. अंगण पुसून घेतलं. पाऊस पुन्हा आलाच तर गण-आवाहन पोर्चमध्ये करायचं असं नानांशी ठरवून ठेवलं. पुढे तो आला नाही.

हवा दमट, त्यामुळे शाहिरांचा डफ उतरला होता. कातडं ढिलं पडलं की बोटाखाली नुसता ठप्प आवाज येतो. मागच्या अंगणात शेगडी पेटवली. शाहिरांनी डफ कोळशांवर वीतभर अंतरावर धरला, सावकाश फिरवत राहिले, मधूनमधून बोटानं टिचकी मारून कान लावत. ठप्पचं थाप झालं, थापेचं हळूहळू टण्ण. तीन-चार मुलं शेजारी उकिडवी बसून बघत होती. शाहिरांनी प्रत्येकाला टिचकी मारायला दिली, आधी आणि नंतर. या पाच मिनिटांचं तिकीट नव्हतं, पण पुढच्या वेळी हे सगळ्यांसमोर, अंगणात, कार्यक्रमाचा भाग म्हणून करायचं.

साडेपाचला ढोल. पेठेतून माणसं आली, दुकानाची शटरं अर्धी ओढून दुकानदारही आले. गजाच्या रिंगणात भंडारा उधळला गेला आणि पुढे उभ्या असलेल्या पोरांची कपाळं पिवळी झाली. मग दिवटी पेटली. नाना गावांची आणि दैवतांची नावं घेत गेले, “गोंधळा यावं”. आमच्या ग्रामदैवताचं नाव आलं तेव्हा म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. माझ्या शेजारी पुण्याहून आलेला एक मुलगा आईला विचारत होता, “आपल्या घरच्या देवाला पण बोलावणार का?” आईनं पुढे जाऊन नानांना कुलदैवत सांगितलं. नानांनी ते ओवीत घेतलं. मग काय, रांगच लागली. कुणाचा जोतिबा, कुणाची यल्लम्मा, कुणाचा खंडोबा. आवाहन ठरल्यापेक्षा बरंच लांबलं आणि एकाही माणसानं घड्याळाकडे बघितलं नाही.

आत आल्यावर ओव्या आणि शाहिरी आधी. पोवाड्यात झीलकऱ्यांच्या ‘जी जी’ला सभागृह साथ द्यायला लागलं. ओव्यांच्या वेळी मागच्या रांगा थोड्या अस्वस्थ होत्या. धनगरी ओवीचा शब्द कानावर बसायला वेळ लागतो, तो द्यायला हवा.

मग आख्यान. हरिश्चंद्र स्वप्नात विश्वामित्राला राज्य देऊन टाकतो, इथे नानांनी संबळ थांबवला. आप्पा पुढे आले.

“नाईक, सपनात दिल्यालं खरं धरायचं व्हय?”

सतरंजीवरची पोरं ओरडली, “नाही!”

नाना पोरांकडे वळले. “न्हाई म्हणता? बरं. तुला आईनं सपनात मारलं तर रडत उठतोस का न्हाई?”

“उठतो.”

“मग रडणं खरं, आन देणं तेवढं खोटं?”

पोरगं गप्प. आप्पांनी डोकं खाजवलं आणि पुन्हा पोरांची बाजू घेऊन नानांशी भांडायला लागले. संबळाची एकच थाप पडली आणि कथा पुढे निघाली. यानंतर तारामती आणि रोहिदास विकले जातात तिथपर्यंत सतरंजीवरचं एकही मूल उठलं नाही. कुणी त्यांना गप्प बसा म्हटलं नव्हतं. आप्पांच्या तोंडून त्यांचाच प्रश्न विचारला गेला होता, आता उत्तर ऐकल्याशिवाय जाणार कुठे?

आरतीला सगळे उभे. ताट मंचाच्या कडेला. मुलांनी आजीकडून नाणी मागून घेऊन रांग लावली, नानांनी प्रत्येकाच्या कपाळाला कुंकू लावलं. सव्वानऊला समई शांत केली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हिशेब. मानधन सगळ्यांना त्या त्या दिवशीच दिलं गेलं. ताटातली रक्कम नानांच्या मंडळींची, ती आमच्या वहीत येत नाही. रविवारी मागच्या चार रांगा रिकाम्या राहिल्या, पण अंगणात तिकिटाविना पाहणारे त्याहून कितीतरी जास्त होते, आणि अंगण फुकट ठेवायचं हा निर्णय मला आजही योग्य वाटतो. बालनाट्याच्या शिलकीतून रविवारची तूट भरून निघाली.

आप्पांचं काम: राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन योजनेत महिना ५००० रुपये मिळतात, पण त्यांनी अर्ज केलेला नाही. लागतील ते पुरावे गोळा करतोय. आमच्या भित्तिपत्रकावर त्यांचं नाव छापलेलं आहे, ते जोडणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

मराठी रंगभूमी दिन. सकाळी नाट्यगृहात नटराजपूजन झालं. १८४३ साली याच तारखेला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यांच्या खेळात सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा, आणि पात्रं आपापली भाषणं तिथल्या तिथे रचून बोलायची. नाना आणि आप्पांना मंचावर पाहिल्यावर तो खेळ कसा दिसत असेल याचा मला पहिल्यांदा अंदाज आला. दोन्हींत गाणारा कथा धरून ठेवतो आणि बोलणारा ती प्रेक्षकांत नेऊन सोडतो. आजच्या छोट्या भाषणात हेच सांगितलं.

पूजनानंतर समिती बसली. मे महिन्यात पुन्हा गोंधळ ठेवावा अशी मागणी आली आहे. ते होणार नाही. मे म्हणजे ऐन लग्नसराई, नानांना एक दिवस रिकामा नसतो आणि त्यांची वर्षाची कमाई त्याच दिवसांवर आहे. मे मध्ये भारूड घेऊ. पंढरपूरकडच्या एका मंडळाशी बोलणं सुरू करायचंय. सोंगं कपडेपटात न बदलता प्रेक्षकांसमोर बदलावीत अशी माझी विनंती असेल, पण शेवटचा शब्द त्यांचा.

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ ला आहे. १३, १४, १५ नोव्हेंबर २०२६ साठी नगरपरिषदेकडे अर्ज आजच दिला. त्यात सभागृहाबरोबर अंगणही मागितलंय, दुचाक्या त्या तीन दिवस शाळेच्या मैदानात लावण्याच्या व्यवस्थेसह. नानांना तारखा कळवल्या. तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या आहेत, म्हणाले, लिहून ठेवतो.